प्रोफेसर कावसजी दादाभाई नायगमवाला
पुण्याच्या पहिल्या खगोल वेधशाळेचे संस्थापक

ज्ञातीच्या स्मरणिकेत एखाद्या थोर पुरुषाचे चरित्र द्यावे, असा जुना प्रघात आहे. बहुधा असा पुरुष ज्ञातीतलाच निवडला जातो, आणि त्यात काही वावगे नाही. आपल्या माणसांचे गुण आपण नाही गावयाचे तर कोणी गावयाचे? तथापि ज्यांचे चरित्र आम्ही येथे सादर करीत आहोत ते प्रोफेसर कावसजी दादाभाई नायगमवाला आपल्या ज्ञातीचे नव्हते. ते पारशी होते. बारामती किंवा इंदापूर येथे त्यांचे घर नव्हते की जमीनजुमला नव्हता. असे असूनही आम्ही त्यांची निवड केली याची कारणे दोन. त्यांच्या आयुष्यातील सर्वांत मोठा दिवस आपल्या इंदापूर तालुक्याच्या वेशीवर, भीमेच्या पैलतीरी उगवला, हे पहिले कारण. दुसरे कारण असे की, त्यांनी जी संस्था उभी केली तिच्या उदयास्ताच्या कथेत आपल्यासारख्या संस्था चालविणाऱ्यांनी मनावर घ्यावी अशी एक गोष्ट आहे. ती कोणती, हे लेखाच्या ओघात वाचकांच्या ध्यानी येईलच.

पुणे आणि वेधशाळा हे दोन शब्द एकत्र उच्चारले की आपल्या शेतकरी बांधवांस पाऊस आठवतो. शिवाजीनगर येथील हवामानाचे कार्यालय १९२८ साली सिमल्याहून पुण्यास आले आणि जुन्या पुणेकरांच्या तोंडी त्याचे नाव सिमला ऑफिस असेच राहिले. परंतु त्याच्या चाळीस वर्षे आधी, १८८८ साली, पुण्यात दुसरीच एक वेधशाळा उभी राहिली होती. ती वेध घेत असे तो पावसाचा नव्हे. सूर्याचा, ताऱ्यांचा आणि तेजोमेघांचा. महाराजा तख्तसिंहजी वेधशाळा हे तिचे नाव. आकाशातील ज्योतींच्या प्रकाशाचे पृथक्करण करण्यासाठी आपल्या देशात स्थापन झालेली ही पहिली आधुनिक वेधशाळा होय. ती चोवीस वर्षे चालली आणि बंद पडली. आज पुण्यातील शंभर सुशिक्षितांस विचारले तर तिचे नाव सांगणारे दोघे-चौघेही निघतील की नाही, याची आम्हांस शंका वाटते.

नायगमवाला यांचा जन्म १८५७ सालचा. आपल्याकडे हे साल निराळ्याच कारणाने स्मरणात आहे. पण त्याच वर्षी मुंबई, कलकत्ता व मद्रास येथील विद्यापीठेही स्थापन झाली, हे सहसा कोणी ध्यानात घेत नाही. म्हणजे नायगमवाला आणि मुंबई विद्यापीठ एका वयाचे. त्या विद्यापीठाच्या पहिल्या एकवीस वर्षांतच, १८७८ साली, एल्फिन्स्टन कॉलेजातून पदार्थविज्ञान व रसायन हे विषय घेऊन ते एम्. ए. झाले आणि कुलपतींचे सुवर्णपदकही त्यांनी मिळविले. त्या काळचे हुशार पदवीधर वकिलीकडे नाहीतर सरकारी नोकरीकडे वळत. नायगमवाला प्रयोगशाळेकडे वळले. १८८२ साली ते एल्फिन्स्टन कॉलेजातच प्रायोगिक पदार्थविज्ञानाचे अध्यापक झाले.

त्यांचे मन ज्या शास्त्राने वेधले त्याचा थोडा परिचय वाचकांस करून देणे अवश्य आहे. लोलकातून सूर्यकिरण गेला म्हणजे त्याचे सात रंग पडतात, हे शाळेतील मुलासही ठाऊक असते. तोच प्रकाश बारीक फटीतून घेऊन चांगल्या लोलकांतून सोडला तर त्या रंगपट्ट्यात शेकडो काळ्या रेषा उमटलेल्या दिसतात. प्रत्येक मूलद्रव्याच्या रेषांच्या जागा ठरलेल्या असतात. लोखंडाच्या निराळ्या, सोडियमच्या निराळ्या, मॅग्नेशियमच्या निराळ्या. सही पाहून जसा सही करणारा ओळखावा, तशी रेषा पाहून वस्तू ओळखता येते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास ही किल्ली शास्त्रज्ञांच्या हाती आली आणि कोट्यवधी कोसांवरील तारा कशाचा बनला आहे, हे पृथ्वीवर बसून सांगणे शक्य झाले. जुने ज्योतिषशास्त्र तारा कोठे आहे हे सांगत असे. हे नवे शास्त्र तारा काय आहे हे सांगू लागले.

१८८२ सालीच भावनगरचे महाराज तख्तसिंहजी यांचे मुंबईस येणे झाले. हे संस्थानिक विद्येचे चाहते होते. पुढे १८८५ साली त्यांनी भावनगर येथे सामळदास कॉलेज काढले. याच कॉलेजात १८८८ साली मोहनदास करमचंद गांधी हे काही काळ विद्यार्थी होते. अशा दात्यापुढे पंचवीस वर्षांच्या तरुण अध्यापकाने वर्णपटाच्या अभ्यासासाठी एका प्रयोगशाळेची मागणी ठेवली. महाराजांनी पाच हजार रुपये दिले. मुंबई सरकारने त्यात तितकीच भर घातली. दहा हजार रुपये ही त्या दिवसांत लहान रक्कम नव्हती. पण आमच्या मते रकमेहून मोठी गोष्ट ही की, मागणाऱ्याने स्वतःसाठी काही मागितले नव्हते आणि देणाऱ्याने आपल्या संस्थानाबाहेरच्या शहरासाठी दिले होते.

प्रयोगशाळेची उपकरणे आणण्यासाठी नायगमवाला १८८४ साली विलायतेस गेले. तेथे राजज्योतिषी ख्रिस्टी आणि सूर्याच्या वर्णपटाचे गाढे अभ्यासक नॉर्मन लॉकियर यांच्याशी त्यांची भेट झाली. दोघांनीही त्यांस एकच सल्ला दिला. भारतासारखे स्वच्छ आकाश लाभलेल्या देशात प्रकाशाचा अभ्यास चार भिंतींच्या आत कशाला करावयाचा? प्रयोगशाळा न काढता वेधशाळाच काढावी. नायगमवालांस हा सल्ला पटला. प्रयोगशाळेसाठी निघालेला माणूस वेधशाळेचा संकल्प मनात धरून परतला.

मुंबईचे दमट हवामान आणि समुद्रकाठचे धुके अशा कामास सोयीचे नव्हते. घाटमाथ्यावरचे पुणे त्याहून उजवे. म्हणून १८८५ साली नायगमवालांची बदली पुण्याच्या सायन्स कॉलेजात करण्यात आली. संगमाजवळचे हे कॉलेज १८५४ साली लहानशा अभियांत्रिकी शाळेच्या रूपाने सुरू झाले होते. विश्वेश्वरय्या याच कॉलेजातून शिकून नायगमवाला येण्याच्या थोडे आधी बाहेर पडले होते. नीरा कालव्याच्या पाण्याची वाटणी करणारी ब्लॉक पद्धत पुढे त्यांनीच घालून दिली. तेव्हा बारामतीच्या ऊसकऱ्यांचे आणि या विद्यालयाचे नाते जुने आहे, असे म्हणावयास हरकत नाही.

१८८८ साली वेधशाळा तयार झाली. महाराजांचे नाव तिला देण्यात आले. तिचे मुख्य साधन म्हणजे डब्लिन येथील प्रसिद्ध कारागीर ग्रब यांच्या कारखान्यातील आरशाची दुर्बीण. पुढे वीस इंच व्यासाची दुर्बीण म्हणून ती प्रसिद्धीस आली आणि कित्येक दशके तीच भारतातील सर्वांत मोठी दुर्बीण होती. एवढे मोठे साधन त्या काळी मद्रास येथील जुन्या वेधशाळेतही नव्हते. एका कॉलेजच्या आवारात, एका अध्यापकाच्या देखरेखीखाली ते उभे होते, हे लक्षात घेतले पाहिजे.

वेधशाळा म्हणजे घुमट आणि दुर्बीण एवढेच चित्र सामान्य माणसाच्या डोळ्यांपुढे असते. प्रत्यक्षात ते अखंड कष्टाचे काम आहे. काचेच्या आरशावरील चांदीचा पातळ मुलामा हवेने काळवंडतो. तो वेळोवेळी काढून नव्याने चढवावा लागतो. पृथ्वी फिरत असल्यामुळे तारा दृष्टीच्या टापूतून सरकत राहतो. त्याच्यामागे दुर्बीणही घड्याळाच्या यंत्राने तितक्याच गतीने सरकवावी लागते. ताऱ्याचा मुळातच मंद असलेला प्रकाश वर्णपटात पसरला की आणखी मंद होतो, आणि रात्र-रात्र डोळा लावून बसावे तेव्हा एखादी रेषा मोजता येते. पुण्यास पावसाळ्याचे चार महिने बहुतेक वाया जात. उरलेल्या महिन्यांत दिवसा विद्यार्थ्यांस शिकवावयाचे आणि रात्री आकाश पाहावयाचे, अशी ही दुहेरी चाकरी होती.

या चाकरीतून जे निघाले त्यातील एक प्रकरण आम्ही विस्ताराने सांगणार आहोत. मृग नक्षत्र आपल्यातील प्रत्येक शेतकऱ्याच्या ओळखीचे आहे. मृगाच्या पोटातील तीन तारे, म्हणजे व्याधाने मारलेला बाण, हे थंडीच्या रात्री लहान मूलही दाखविते. त्या बाणाच्या खालच्या अंगास एक अंधुक, धुरकट ठिपका दिसतो. तो तारा नव्हे. तो मृगातील तेजोमेघ. अशा तेजोमेघाच्या वर्णपटात एक ठळक हिरवी रेषा असते. ती विल्यम हगिन्स या इंग्रज शास्त्रज्ञाने तेजोमेघांत प्रथम १८६४ साली पाहिली. ही रेषा कोणत्या द्रव्याची, हा पुढे मोठ्या वादाचा विषय झाला. आकाशातील सर्व ज्योती उल्कांच्या थव्यांपासून झाल्या आहेत असे लॉकियर यांचे मत होते, आणि ही हिरवी रेषा म्हणजे तापलेल्या मॅग्नेशियमच्या पट्ट्याची कड आहे, असे ते प्रतिपादीत. तसे असेल तर ती रेषा एका बाजूस पुसट, पसरलेली दिसावयास हवी होती. हगिन्स यांस हे मान्य नव्हते.

नायगमवालांनी पुण्याहून ही रेषा तपासली. कोणत्याही स्थितीत पाहा, ती दोन्ही बाजूंनी स्वच्छ आणि रेखीवच दिसे. लॉकियर यांच्या मताच्या हे सरळ विरुद्ध होते. वाचकहो, लॉकियर कोण होते हे येथे आठवावे. ज्यांच्या सल्ल्याने ही वेधशाळा जन्मास आली, ज्यांच्या शब्दास साऱ्या युरोपात मान होता, तेच हे गृहस्थ. नायगमवाला चौतीस वर्षांचे, परतंत्र देशातील एका कॉलेजचे अध्यापक. गप्प बसणे सोपे होते. गोलमाल भाषेत काही लिहिणे त्याहून सोपे होते. त्यांनी यातले काहीच केले नाही. जे दिसले ते १८९१ साली त्यांनी लंडनच्या रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध केले. अमेरिकेतील कीलर यांचे निरीक्षणही त्याच बाजूचे होते. पुढे १९२७ साली आयरा बोवेन यांनी दाखवून दिले की, ही रेषा मॅग्नेशियमची नसून अत्यंत विरळ अवस्थेतील प्राणवायूची आहे. नायगमवाला तेव्हा हयात होते.

गुरुतुल्य माणसाचा आदर राखावा आणि सत्य मात्र सत्यच सांगावे, हे आम्ही सभांतून पुष्कळदा ऐकतो. ते आचरणात आणणे किती अवघड असते, हे ज्याचे त्यास ठाऊक. नायगमवालांनी ते कोणताही गाजावाजा न करता आचरिले.

त्या काळचे पुणे आकाशाच्या विचाराने कसे भारले होते, याचेही येथे स्मरण होते. केरो लक्ष्मण छत्रे यांच्यासारखे गणिती १८८४ साली निवर्तले होते, पण त्यांनी लावलेली गोडी पुण्यात टिकून होती. मृगातील रेषेवरचा नायगमवालांचा लेख १८९१ चा. त्याच मृगावरून वेदांचा काळ ठरविणारा लोकमान्य टिळकांचा ओरायन हा ग्रंथ १८९३ चा. शंकर बाळकृष्ण दीक्षित यांचा भारतीय ज्योतिषशास्त्राचा इतिहास १८९६ साली प्रसिद्ध झाला. एकाच गावात, एकाच दशकात, एकजण त्या ताऱ्यांत आपला भूतकाळ शोधीत होता, दुसरा आपल्या पूर्वजांच्या गणिताची मोजदाद करीत होता आणि तिसरा त्या प्रकाशात मूलद्रव्ये शोधीत होता.

आता आम्ही त्या दिवसाकडे येतो, ज्याच्यामुळे हे चरित्र आपल्या घरचे झाले आहे. शके १८१९, पौष अमावास्या, शनिवार, म्हणजे २२ जानेवारी १८९८ रोजी खग्रास सूर्यग्रहण होते. चंद्राची छाया कोकणात विजयदुर्गाजवळ किनाऱ्यावर येऊन ईशान्येकडे सह्याद्री, दख्खन, वऱ्हाड असा मार्ग आक्रमीत बक्सरकडे जाणार होती. त्या छायेच्या जवळजवळ मध्यरेषेवर जेऊर हे करमाळे तालुक्यातील रेल्वे स्टेशन येत होते. इंदापूरहून जेऊर सरळ रेषेने वीस-पंचवीस किलोमीटर; मध्ये काय ती भीमा. म्हणजे जेऊरवर जी छाया पडली ती इंदापूरवरही पडली, आणि बारामतीकरांनीही त्या दिवशी भर दुपारी दिवस मावळताना पाहिला.

जेऊरच का, याचे उत्तर आपल्या मुलखाच्या दुःखातच आहे. हा पर्जन्यछायेचा प्रदेश. हिवाळ्यात येथे ढगाचा ठिपकाही नसतो. ज्या कोरड्या आभाळाने आपल्या पूर्वजांस पिढ्यान्पिढ्या रडविले, तेच आभाळ ज्योतिषांस वरदान वाटले. त्यात पुण्याहून सोलापुराकडे जाणारी आगगाडी भीमा ओलांडून जेऊरवरून जात होती. नाजूक काचा आणि जड पेट्या बैलगाडीतून हाकण्यापेक्षा त्या स्टेशनावर उतरविणे किती सोयीचे, हे सांगावयास नको.

तो काळ मात्र कठीण होता. १८९६-९७ च्या दुष्काळाने दख्खन होरपळून निघाले होते. मुंबईत १८९६ साली आलेली प्लेगाची साथ १८९७ साली पुण्यात शिरली. त्या वर्षीच्या जूनमध्ये रँडसाहेबावर गोळी झाडली गेली, सप्टेंबरात टिळकांस शिक्षा झाली आणि ग्रहणाच्या दिवशी ओरायनचा कर्ता तुरुंगात होता. गावोगावची माणसे रानात झोपड्या घालून राहात होती. अशा दिवसांत नायगमवालांनी पुण्याची उपकरणे जेऊरच्या माळावर हलविली.

तेथे ते एकटे नव्हते. अमेरिकेतील कॅलिफोर्नियाच्या लिक वेधशाळेतून कॅम्बेल हे ज्योतिषी सपत्नीक आले होते. त्यांनी चाळीस फूट लांबीचा कॅमेरा त्या माळावर उभारला होता. जपानातूनही एक तुकडी आली होती. हेच कॅम्बेल पुढे लिक वेधशाळेचे प्रमुख झाले, आणि सूर्याजवळून येणारे ताऱ्यांचे किरण वाकतात हे आइन्स्टाइन यांचे भाकीत त्यांनी १९२२ च्या ऑस्ट्रेलियातील ग्रहणात पडताळून पाहिले. ज्वारी-बाजरी पिकविणाऱ्या त्या खेड्यात काही आठवडे तीन देशांची विद्या एकत्र नांदत होती.

खग्रास स्थिती जेमतेम दोन मिनिटे टिकणार होती. दोन मिनिटांसाठी महिनोन् महिन्यांची तयारी, आणि एखादा ढग आडवा आला की सारे व्यर्थ! अशा छावणीत प्रत्येक माणसाचे काम आधी नेमून दिलेले असते. कोणी फक्त सेकंद मोजावयाचे, कोणी फक्त काचा बदलावयाच्या, कोणी झाकण उघडावयाचे आणि मिटावयाचे. सूर्याकडे पाहण्याची मुभाही सर्वांस नसते. नायगमवालांचा ओढा वर्णपटाकडे. सूर्याची शेवटची कोर झाकली जाते त्या क्षणी वर्णपटातील काळ्या रेषा एकाएकी उजळून तेजस्वी होतात आणि एक-दोन सेकंदांत नाहीशा होतात. सूर्याच्या अंगालगतच्या पातळ वायुथराचे ते दर्शन होय. ही क्षणिक चमक काचेवर पकडणे हे त्या ग्रहणातील सर्वांत मोलाचे आणि सर्वांत अवघड काम होते.

दुपारच्या सुमारास छाया आली. आकाश निरभ्र होते. भीमेच्या काठी स्नानदानाची गर्दी असेल, घरोघर वेध पाळले असतील, जनावरे गोठ्याकडे वळली असतील, पक्षी झाडांवर परतले असतील. त्याच दोन मिनिटांत जेऊरच्या माळावर घड्याळाच्या ठोक्याबरोबर काचा बदलल्या जात होत्या. धर्मभावनेने नदीत उभा राहिलेला माणूस आणि कॅमेऱ्यामागे उभा असलेला माणूस, दोघेही एकाच सूर्याकडे तोंड करून होते. त्यांपैकी कोणासही हसण्याचे आम्हांस कारण दिसत नाही. मात्र त्या क्षणाची नोंद राहिली ती दुसऱ्यामुळे, हे मान्य केले पाहिजे.

येथे एका लोकप्रिय समजुतीचा उलगडा करणे उचित होईल. विजयदुर्ग किल्ल्यावर साहेबाचे ओटे दाखवितात आणि लॉकियरसाहेबांनी तेथे हेलियम वायूचा शोध लावला असे सांगतात. लॉकियर विजयदुर्गास आले ते याच १८९८ च्या ग्रहणासाठी. हेलियमची पिवळी रेषा तीस वर्षे आधीची. १८६८ च्या ग्रहणात ती भारतात आलेल्या निरीक्षकांस दिसली आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात लॉकियर यांनी ती इंग्लंडात बसून, ग्रहणावाचून अभ्यासिली. पृथ्वीवर तो वायू रॅम्से यांस १८९५ साली सापडला. खोट्या मानापेक्षा खरा मान बरा. आणि या ग्रहणाच्या पट्ट्यात भारतीय माणसाच्या नेतृत्वाखाली झालेले काम हा आपला खरा मान आहे.

जेऊर येथील निरीक्षणांचा वृत्तान्त नायगमवालांनी तख्तसिंहजी वेधशाळेच्या प्रकाशनांचा पहिला खंड म्हणून १९०२ साली प्रसिद्ध केला. मुखपृष्ठावर जेऊरचे नाव छापलेला तो ग्रंथ जगातील वेधशाळांच्या संग्रही गेला. पहिला खंड असे म्हणताना पुढील खंडांची आशा गृहीत असते. परंतु त्या आशेस जागा उरली नव्हती.

कारण असे की, ही वेधशाळा एका माणसाच्या खांद्यावर उभी होती. ज्यांनी आश्रय दिला ते महाराज तख्तसिंहजी १८९६ च्या आरंभी निवर्तले. १८९९ पासून हिंदुस्थान सरकारची सूर्यवेधशाळा तमिळ मुलखात कोडाईकॅनॉल येथे कार्य करू लागली आणि सरकारचे लक्ष व पैसा तिकडे वळणे स्वाभाविक होते. १९११ साली सायन्स कॉलेजचे नाव बदलून कॉलेज ऑफ इंजिनिअरिंग झाले. आता तेथे पूल, रस्ते आणि कालवे बांधणारे अभियंते तयार करावयाचे होते. मुंबई विद्यापीठात अशा विषयाचे पदव्युत्तर अध्यापन नव्हते, म्हणून वारस तयार व्हावा अशी वाटही नव्हती. १९१२ साली नायगमवाला सेवानिवृत्त झाले आणि त्याच वर्षी वेधशाळा बंद करण्यात आली. दुर्बीण व इतर उपकरणे पेट्यांत भरून कोडाईकॅनॉलला रवाना झाली.

यानंतर नायगमवाला सव्वीस वर्षे जगले. १९३८ साली त्यांचे देहावसान झाले. ज्याने आपल्या तारुण्यात पैसा उभा केला, जागा मिळविली, दुर्बीण आणली आणि तिच्यामागे पंचवीस वर्षे रात्री जागविल्या, त्यास आपल्या हयातीतच तो घुमट रिकामा झालेला पाहावा लागला. या दुःखाची कल्पना ज्यांनी स्वतः एखादी संस्था वाढविली आहे त्यांसच येईल.

दुर्बिणीचे पुढे काय झाले, हे वाचकांस जाणून घ्यावेसे वाटेल. कोडाईकॅनॉल येथे ती भावनगर दुर्बीण या नावाने ओळखली जाऊ लागली. दात्याचे नाव तिने जपले. आणणाऱ्याचे मात्र मागे पडले. १९८० नंतरच्या दशकात तिची रवानगी लडाखात लेह येथे झाली, उंच पर्वतप्रदेशातील आकाश वेधांस कितपत योग्य आहे हे पाहण्यासाठी. त्या प्रदेशात हानले येथे आज दोन मीटर व्यासाची दुर्बीण कार्य करीत आहे. म्हणजे संगमाजवळच्या घुमटातून निघालेली ही दुर्बीण शंभर वर्षांची होत आली तरी नव्या पिढीसाठी जागा शोधीत हिमालयात उभी होती. चांगल्या हेतूने दिलेले दान असे दीर्घायुषी असते.

पुण्याच्या बाबतीतही कथा येथे संपत नाही. १८८८ नंतर बरोबर शंभर वर्षांनी, १९८८ साली, डॉ. जयंत नारळीकर यांच्या नेतृत्वाखाली पुणे विद्यापीठाच्या आवारात आयुका ही संस्था स्थापन झाली. तिची दोन मीटरची दुर्बीण २००६ पासून आपल्याच जिल्ह्यात गिरवली येथे आहे. जुन्नर तालुक्यात खोडद येथे प्रोफेसर गोविंद स्वरूप यांच्या पुढाकाराने उभारलेली तीस अँटेनांची महाकाय रेडिओ दुर्बीण जगभरच्या शास्त्रज्ञांस आकर्षून घेते. ज्या विद्यालयात नायगमवाला शिकवीत ते २०२२ साली स्वतःच विद्यापीठ झाले. आणि विशेष हे की, आयुकाची मूळ योजनाच निराळी आहे. ती देशातील सर्व विद्यापीठांच्या अध्यापकांसाठी व विद्यार्थ्यांसाठी आहे. एका माणसाच्या निवृत्तीने तिचे दार बंद व्हावयाचे नाही. नारळीकर २००३ साली संचालकपदावरून निवृत्त झाले, २०२५ साली निवर्तले, आणि संस्था चालू आहे.

ज्या गोष्टीचा आम्ही आरंभी उल्लेख केला ती हीच. पैसा उभा करणे अवघड; पण तो उभा राहतो. चांगला माणूस मिळणे त्याहून अवघड. पण तोही कधीमधी मिळतो. त्या माणसामागे दुसरा, दुसऱ्यामागे तिसरा असा क्रम लावून ठेवणे हे सर्वांत अवघड, आणि संस्थेचे आयुष्य त्यावरच ठरते. आपल्या ज्ञातिसंस्थांत काय चालते? एखादा चिटणीस वीस-वीस वर्षे हिशेब, वर्गणी, वसतिगृह, शिष्यवृत्त्या, वधूवर मेळावे असे सारे स्वतःच्या डोक्यावर वाहतो. आपण त्याचा सत्कार करतो, शाल-श्रीफळ देतो आणि घरी जातो. त्याच्या शेजारी बसून काम शिकणारा तरुण आपण देत नाही. मग तो थकला की दप्तर कपाटात जाते आणि कपाटास कुलूप लागते. नायगमवालांच्या वेळी वारस घडविण्याची सोय देशात नव्हती. आपल्यापाशी ती सबब नाही.

उजनी धरण १९८० साली पूर्ण झाले आणि भीमेचे पात्र आपल्या आणि जेऊरच्या मध्ये समुद्रासारखे पसरले. जुनी कित्येक गावे पाण्याखाली गेली. कोरड्या मुलखात ऊस आला, साखरेचे कारखाने आले. पण हिवाळ्यातले आभाळ तसेच राहिले आहे. ज्ञातीतील मातापित्यांस आमची एवढीच विनंती आहे की, येत्या पौषातील एखाद्या अंधाऱ्या रात्री त्यांनी मुलांस घेऊन गावाबाहेर यावे, मृगाच्या बाणाखालील तो अंधुक ठिपका त्यांस दाखवावा, आणि त्याच्या प्रकाशाविषयी खरे ते सांगणारा एक माणूस पुण्यास होता व आपल्या शेजारच्या माळावर येऊन गेला, एवढे सांगावे. कावसजी नायगमवाला यांचे स्मारक आमच्या दोन तालुक्यांत याहून निराळे नको.